हौशी पियानो स्पर्धेसाठी पीस निवडायचेत: बॅलाड घेऊ की टाळू?

कातरवेळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. युरोपातल्या एका हौशी पियानो स्पर्धेत (वय ३५ च्या पुढे) नाव द्यायचं म्हणतोय. हातात सात महिने आहेत. फेऱ्या तीन: १०, २० आणि ३० मिनिटांच्या. सक्तीची रचना नाही, पाठ वाजवायचीही सक्ती नाही. एका फेरीत वाजवलेलं दुसऱ्या फेरीत चालत नाही. तिन्ही फेऱ्यांचा कार्यक्रम अर्जासोबतच द्यायचा, नंतर बदल नाही. खरी मेख तिथेच आहे.

रियाज नोकरी सांभाळून रोज एक तास, शनिवार-रविवार दोन-दोन. घरी डिजिटल पियानो. खरा पियानो पुण्यात तासाच्या भाड्याने मिळतो. ग्रेड ८ (पियानोची परीक्षा) होऊन पंधरा वर्षं झाली.

हात बसलेले (के., ओपस, होबोकेन वगैरे म्हणजे रचनांचे सूचीक्रमांक): स्कार्लाटी के. २७ (बी मायनर), बाखचा सी मायनर प्रील्यूड आणि फ्यूग (पहिला खंड, बी.डब्ल्यू.व्ही. ८४७), शूबर्ट इम्प्रॉम्प्टू ओपस ९० क्र. २, ब्राम्स ओपस ११८ क्र. २.
अर्धेमुर्धे: शोपँ नॉक्टर्न ओपस ४८ क्र. १, डेब्युसीचं 'जार्दां सू ला प्लुई', हायडनचा ई मायनर सोनाटा (होबोकेन १६:३४).
मनात: शोपँचा पहिला बॅलाड, ओपस २३. कोडा (शेवटचा समारोपाचा भाग) सोडून बाकीचा वाचून झालाय.

प्रश्न असे: बॅलाड घ्यावा का, आणि कुठल्या फेरीत? ब्राम्सचा ११८/२ सगळेच वाजवतात, तो वगळू का? के. २७ ऐवजी के. १४१ जास्त उठून दिसेल का? आणि दिलेला वेळ पूर्ण भरायलाच हवा का?

---

डावाहात

आधी हिशोब करा, पीस नंतर. आठवड्याला नऊ तास म्हणजे सात महिन्यांत साधारण २७० तास. तुमच्या यादीतलं सगळं मिळून (बॅलाड धरून) वाजवायला सुमारे ५० मिनिटं लागतात. म्हणजे संगीताच्या एका मिनिटामागे जेमतेम साडेपाच तास. ऐकायला बरं वाटतं, पण त्यातला निम्मा वेळ बसलेलं टिकवण्यातच जातो. हात बसलेला पीस तीन आठवडे बाजूला ठेवला की गंजतो. उरले १३५ तास. त्यात अर्धेमुर्धे तीन पीस पक्के करायचे आणि वर बॅलाड. साडेनऊ मिनिटांच्या त्या एका रचनेलाच ८०-१०० तास लागतील. मग बाकीच्या तिघांना काय, दहा-बारा तास?

दुसरं, स्पर्धा शेवटाकडून नव्हे, पहिल्या फेरीकडून बांधा. बहुतेक जण सगळ्यात भारी पीस फायनलसाठी राखून ठेवतात आणि पहिल्या फेरीत 'चालेल असं' काहीतरी वाजवतात. फायनलला पोचणारे मोजकेच असतात, पहिली फेरी मात्र प्रत्येकालाच वाजवायची असते. तीही अनोळखी पियानोवर, कदाचित सकाळी साडेनऊला, थंड हातांनी. तिथे तुमचं सर्वांत खात्रीचं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात तुमचा नाद कळेल असं काहीतरी हवं.

वेळ भरायची गरज नाही. वरची मर्यादा ओलांडू नका एवढंच. दहा मिनिटांच्या फेरीसाठी घड्याळावर नऊच्या आत येणारा कार्यक्रम करा. घड्याळ पहिल्या सुरापासून धरतात की स्टेजवर पाऊल टाकल्यापासून, ते नियमांत बघा. नसेल तर विचारा. दोन पीसमधली शांतता, बाक वरखाली करणं, नमस्कार, टाळ्या यात सहज मिनिट जातं. काही स्पर्धांत वेळ संपली की घंटा वाजवून थांबवतात. त्याचे गुण कापत नसले तरी ज्या शेवटच्या पानावर तुम्ही महिनाभर घासलंत ते कुणी ऐकतच नाही.

आणि एक, सहज: 'हौशी' म्हणजे कोण ही व्याख्या दर स्पर्धेची वेगळी असते. पॅरिसची हौशी स्पर्धा १९८९ मध्ये सुरू झाली, अमेरिकेत फोर्ट वर्थची क्लायबर्न संस्थेची १९९९ मध्ये. अशा ठिकाणी साधारण अट असते की मुख्य कमाई पियानो वाजवण्या-शिकवण्यातून नसावी. शिकवण्या घेत असाल तर अर्जापूर्वी खुलासा करून घ्या.

---

सोस्टेनुटो

डावाहात यांचा हिशोब मान्य. आता एकेक पीस घेऊ.

के. २७: ठेवा. दोन्ही भागांच्या पुनरावृत्तीसह चार मिनिटांच्या आसपास, त्या गाळल्या तर दोन. वेळ जुळवायला याच्यासारखी सोय नाही. गडबड होते ती डावा हात उजव्यावरून पलीकडे जातो तिथे. सवयीपेक्षा जवळ बसलात तर कोपर पोटाला अडतं आणि वरचा सूर उशिरा पडतो. बाक दोन-तीन बोटं मागे घ्या. घट्ट बाह्यांचा कोट घालणार असाल तर तो घालूनच एक-दोनदा वाजवून पहा. हसू नका, त्या उड्या बाहीपायीच चुकतात.

के. १४१ तुमच्यासाठी नाही. त्यातले एकाच पट्टीवर पुन्हापुन्हा येणारे सूर पियानोच्या मर्जीवर असतात. ग्रँडच्या (आडव्या मोठ्या पियानोच्या) यंत्रणेत पट्टी पूर्ण वर न येताही हातोडी पुन्हा उडू शकते (पियानो बनवणाऱ्या एरार्डने १८२१ मध्ये पेटंट घेतलेली युक्ती). अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. आणि तीन सेन्सरवाल्या डिजिटलवर तर काहीही वाजतं! घरी सूर स्वच्छ येतो म्हणून खूश व्हायचं, आणि सरावाच्या खोलीतल्या जुन्या अपराइटवर चारातला एक सूर गिळला जातो. घाबरून बोट जोरात मारलं की आणखी दोन जातात.

बाख: वाजवा, पण पुस्तक समोर ठेवून. पाठांतराची सक्ती नसताना फ्यूग पाठ वाजवणं म्हणजे उगाच पायावर धोंडा. त्यात तीन आवाज (स्वतंत्र सुरावली) एकत्र चालतात, एकाचं बोट चुकलं की पुढचा रस्ताच सापडत नाही, कारण तिथे हात नाही तर डोकं हरवतं. पुस्तक असलं तरी फ्यूगमध्ये पाच जागांवर खूण करा आणि कुठूनही सुरू करता येईल असं बसवा.

शूबर्ट ९०/२: उजव्या हाताची त्रिकं (एका ठोक्यात तीन सूर) थांबतच नाहीत, म्हणून लोक त्याला बोटांचा पीस समजतात. तो पडतो लयीमुळे. धडधडत्या छातीने सुरुवात ठरवल्यापेक्षा जलद होते, आणि मग कोडामध्ये जिथे वेग वाढवायचा तिथे वाढवायला जागाच नसते. एका बारला (लयीच्या एका खणाला) एक ठोका धरून मिनिटाला ६० वर बसवा, पावणेपाच मिनिटं होतील. स्टेजवर तो आपोआप ६४ होणारच. शेवट ई फ्लॅट मायनरमध्ये आहे, हेही लक्षात असू द्या. पुढे काय ठेवता त्यावर त्याचा रंग बदलतो.

डेब्युसी: पावणेचार मिनिटं. वर लिहिलंय 'नेत ए विफ', म्हणजे स्पष्ट आणि चपळ. ऐंशी टक्के वादक पेडलमध्ये बुडवून त्याचा चिखल करतात. पावसाचे थेंब वेगवेगळे ऐकू यायला हवेत. आत दोन फ्रेंच बालगीतं आहेत, 'दोदो, लांफां दो' आणि 'नू नीरों प्ल्यू ओ ब्वा'. ती कुठे सुरू होतात आणि कुठल्या बोटावर आहेत ते पेन्सिलीने लिहा. सोळाव्यांची (जलद बारीक सुरांची) वीण मागे आणि गाणं पुढे, एवढं जमलं तरी परीक्षक मान वर करतात.

हायडन: तुमच्या यादीतला सर्वांत शहाणा पीस. पहिल्या भागातल्या विश्रांती नीट मोजा. हायडनच्या थांबण्यात विनोद असतो, तो घाईत मरतो. दुसरा भाग थेट तिसऱ्यात जातो, मध्ये हात मांडीवर ठेवू नका. एकूण बारा मिनिटं धरा.

ब्राम्स ११८/२ सगळे वाजवतात म्हणून टाकू नका. परीक्षक कंटाळतात ते पीसला नाही, त्याच त्या वाजवण्याला. त्या ११८/२ मध्ये वरच्या सुरावलीइतकाच आतला आवाज चालतो. मधल्या एफ शार्प मायनरच्या भागात डावा आणि उजवा एकमेकांशी बोलतात. तेवढं ऐकू आलं तर तुमचा वेगळा ठरेल. मात्र त्याच्या शेजारी ११८/३ ठेवून पुढे बॅलाड असं करू नका. दोन्ही जी मायनर, दोन्ही गरजणारे. कान थकतो.

म्हणून माझी मांडणी: पहिली फेरी के. २७ (पुनरावृत्तीसह) आणि डेब्युसी. बी मायनरमधून ई मायनरमध्ये, पावणेआठ मिनिटं. दुसरी हायडन आणि शोपँचा ४८/१, अठराच्या आसपास. तिसरी बाख, शूबर्ट, ब्राम्स, बॅलाड. थांबे धरून साडेचोवीस. शूबर्ट आणि ब्राम्समध्ये पंधरा सेकंद पूर्ण शांत बसा. ई फ्लॅट मायनरमधून ए मेजर म्हणजे दुसऱ्या गावात उतरल्यासारखं आहे.

---

बिनपेडल

सोस्टेनुटो, बाकी सगळं पटलं, फायनल नाही. सात महिन्यांत नवा बॅलाड, तोही कोडा न वाचता? अर्जात एकदा लिहिलं की सुटका नाही, हे प्रश्नातच आहे.

बॅलाडचा कोडा (बार २०८ पासून) अवघड आहेच, पण तो तिथे कोसळत नाही. तो आधीच्या पानावर कोसळतो. पहिली सुरावली शेवटची परत येते, हळू सुरू होऊन पूर्ण ताकदीपर्यंत चढते, आणि वादक तिथे कोपरापासून हात आवळून बसतो. मग २०८ ला उजव्या हाताला वर-खाली चिमटे काढायचे आणि डाव्याला उड्या मारायच्या, त्या आवळलेल्या हातांनी! आठ बारांत पुढचा हात लाकडासारखा होतो. उपाय आहे: आधीचा जोर पाठीतून घ्यायचा, २०८ ला आवाज मुद्दाम उतरवायचा, डावा हात हलका ठेवायचा आणि कोडा रोज रियाजाच्या शेवटी, थकलेल्या हातांनी करायचा. पण हे मुरायला वर्ष लागतं. सात महिन्यांत बोटं शिकतात, हात शिकत नाही.

बदली म्हणून ब्राम्सचा जी मायनर रॅप्सडी, ओपस ७९ क्र. २. साडेसहा मिनिटं. भारदस्त आहे, तुमच्या वयाला शोभतो. हात मोठ्या स्वरसंघातांवर चालतो, बोटांच्या कसरती कमी. डावा हात उजव्यावरून जातो ती सवय के. २७ ने लागलेलीच आहे. त्यात बिघडतो तो फक्त वेग: वर 'मोल्तो पास्सिओनातो, मा नॉन त्रोप्पो आलेग्रो' असं लिहिलंय, लोक पहिलेच दोन शब्द वाचतात.

मग फायनल अशी: बाख, ११८/२, ७९/२, शेवटी ४८/१. जी मायनरमधून सी मायनरमध्ये अलगद उतरता, आणि सुरुवातही सी मायनरचीच होती. साधारण बावीस मिनिटं. शूबर्ट दुसऱ्या फेरीत हायडननंतर. ४८/१ हळू आवाजात संपतो, टाळ्या उशिरा येतील. येऊ द्या.

---

सोस्टेनुटो

७९/२ ला हरकत नाही. पण ४८/१ शेवटी ठेवायचा तर त्याचा तिसरा भाग नीट बघा. वेग दुप्पट होतो, सुरावली तीच, आणि मधे सतत त्रिकांचे संघात. हौशी हातांत ते संघातच गाणं होऊन बसतात. रोज दहा मिनिटं फक्त करंगळी आणि डाव्या हाताचा खालचा सूर वाजवा, मधलं गाळून. मग मधलं पट्टीवरून बोट न उचलता, पट्टी अर्धीच वर येऊ देऊन हलकेच घाला. आणि मधल्या सी मेजर भागातले पसरलेले संघात हाताला मोठे पडत असतील तर कुठला सूर आधी, कुठला ठोक्यावर हे आत्ताच ठरवा. स्टेजवर ठरत नाही.

---

जुनीपेटी

सगळे पीसवर बोलताहेत. प्रश्नकर्त्याच्या घरी डिजिटल आहे, याकडे कुणी बघेना.

डिजिटलवर तीन गोष्टी नीट कळत नाहीत. पहिली, अर्धं पेडल. खऱ्या पियानोत पेडल थोडं उचललं की खालच्या तारांचा नाद उरतो आणि वरचा निवळतो. डेब्युसी आणि ४८/१ चा मधला भाग त्यावरच उभे आहेत. दुसरी, अगदी हळू वाजवणं. डिजिटलवर हळू दाबलं तरी सूर बहुधा येतोच, ग्रँडवर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही आणि सूर गायब. ११८/२ ची सुरुवात म्हणूनच रिकामी पडते. तिसरी, खर्जाची ताकद. घरच्या स्पीकरवर डावा हात बिचारा वाटतो म्हणून आपण जोर लावायला शिकतो. मोठ्या ग्रँडवर तोच डावा हात सगळं गिळून टाकतो.

म्हणून शेवटचे तीन महिने दर आठवड्याला दीड तास खरा पियानो, तोही एकच नको. दोन-तीन ठिकाणचे धरा, त्यात निदान एक ग्रँड. दर वेळी पहिली दहा मिनिटं पीस वाजवायचा नाही: एक स्केल हळूहळू कमी आवाजात, सूर गायब होईपर्यंत. मग पेडल किती खोलीवर पकडतं ते बघायचं. स्पर्धेच्या आधी पियानो बघायला मिळणारा वेळ बहुधा तेवढाच असतो, त्याचीही तालीम होते. पावसाळ्यात आपल्याकडच्या पियानोंची नमदा-लाकडं फुगतात, पट्ट्या जड चालतात, एखादी खाली चिकटून बसते. जुलैतल्या जड पट्ट्यांवरून स्वतःची परीक्षा करू नका.

अर्जासोबत व्हिडिओ मागितला तर तो खऱ्या पियानोवरच करा. मोबाईल आवाज आपोआप समतोल करतो, त्यामुळे हळू आणि जोरात सारखंच ऐकू येतं. ती सोय बंद करता येणारं ॲप वापरा. मोबाईल झाकणाच्या उघड्या बाजूला दोन-तीन मीटरवर, पियानोच्या अंगावर नाही. तुकडे जोडू नका.

---

डावाहात

निवड पक्की करण्याआधी एक परीक्षा घ्या. सकाळी उठल्यावर, हात न तापवता, दोन मजले जिने चढून या आणि थेट बाकावर बसून पीस एकदाच वाजवा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. थांबायचं नाही, परत मागे जायचं नाही. असं एका पीसचं दहा वेगवेगळ्या दिवशी. चुकलेले सूर मोजू नका. कितीदा लय तुटली ते मोजा. दहातून आठदा लय अखंड राहिली तर तो पीस पहिल्या फेरीत जाऊ शकतो. सहा-सात असेल तर दुसऱ्या-तिसऱ्यात. पाच किंवा त्याखाली असेल तर अर्जात लिहूच नका, कितीही आवडता असो. आणि लय दर वेळी एकाच जागी तुटत असेल तर तो बोटांचा क्रम चुकलेला आहे; घोकून जाणार नाही, क्रम बदला.

मग माणसांसमोर. पाहुणे आले की चहा होईपर्यंत एक पीस. ते गप्पा मारतच राहतील. त्याहून चांगली तालीम नाही.

---

कातरवेळ

सगळ्यांचे आभार. जिन्याची परीक्षा तीन दिवस करून पाहिली. के. २७ तिन्ही वेळा टिकला. शूबर्ट एकदा कोडात पडला, आणि हो, वेगामुळेच. ११८/२ चे सुरुवातीचे सूर ग्रँडवर खरंच गायब झाले.

बॅलाड काढला, ७९/२ घेतो. फेऱ्या बिनपेडल यांच्याप्रमाणे. शेवटचं एक: बाख टॅब्लेटवरून वाजवला आणि पान पायाच्या पेडलने उलटलं तर चालेल का?

---

बिनपेडल

चालतं, पण नियमांत टॅब्लेटला परवानगी आहे का ते लेखी विचारून घ्या. आणि पानाचं पेडल डाव्या पायाशी ठेवा, मऊ पेडलच्याही डावीकडे, एक वीत अंतर सोडून. जवळ ठेवलं तर घाईत पाय मऊ पेडलवर पडतो आणि पान तिथेच राहतं. विमान मोड आधी लावा, मग ब्लूटूथ परत चालू करा, कारण काही टॅब्लेटवर विमान मोड लावताच ब्लूटूथ बंद होतं. स्क्रीन आपोआप मंद होणं बंद करा.

पण तुमच्या बाखला हे कशाला? फ्यूग ३१ बारांचा आहे. प्रील्यूडची आणि फ्यूगची पानं झेरॉक्स करून, थोडी लहान करून, एका जाड पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवा. चार पानं स्टँडवर मावतात. मूळ पुस्तक मात्र सोबत ठेवा, काही ठिकाणी नुसती झेरॉक्स घेऊन स्टेजवर जाऊ देत नाहीत.